नळावरचा अर्धा तास

मावशी,

परवा तुला निरोप द्यायला मी ड्यूटीवरून थेट आले. पांढरी साडी नेसली, पण पायातले काळे बूट बदलायचं राहून गेलं. तू उठून बसली असतीस तर पहिलं वाक्य काय बोलली असतीस ते मला माहीत आहे. "काहून वं रंजू, मयतीले आली का परेडीले?" त्या एवढ्या गर्दीत मला हसू आलं. तुझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि रडता रडता तिलाही हसू आलं.

त्यानंतर जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं, तेव्हा विहारात नेहमी पहिल्या ओळीत बसणारी एक बाई माझ्या मागे उभी होती. ती शेजारणीच्या कानाशी पुटपुटली, "जन्मभर गुडाखू घासला अन् पाचवं शील म्हनत राह्यली बिचारी. त्यानंच नेलं तिले." शेजारीण म्हणाली, "हौ ना. वर्दीत असून. नोटीस भेटली होती म्हने तिले."

मी वळून सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण समोर तू होतीस, तुझी मुलगी होती, भंतेजी होते, आणि मयतीत भांडण कसं करायचं म्हणून मी गिळून टाकले. खरं कारण ते नव्हतं. गप्प बसायची मला सवय झाली आहे. सात वर्षांपूर्वी जी बसले ती बसलेच.

म्हणून आता लिहितेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधेच उठून गेलीस. ही तुझी जुनीच खोड.

मी नोकरीवर आले तेव्हा तू जेलच्या महिला बराकीची मुख्य प्रहरी होतीस. मी याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या खेड्यातली, नवी भरती, नवी वर्दी, दोन वर्षं परिवीक्षेवर. म्हणजे या दोन वर्षांत एखादी मोठी चूक झाली की घरी परत. बापानं गावभर पेढे वाटलेले. पहिल्या दिवशी तू मला खालपासून वरपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "जेवून आली का?" मी म्हटलं, नाही. "मंग जेव पयले. उपाशी बाई तलाशी घेते त हात जोरात पडतेत." तलाशी कशी घ्यायची याचा तो माझा पहिला धडा. दुसरा धडा थंडीत मिळाला, की बाईच्या अंगाला हात लावायच्या आधी आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही. आज माझ्या हाताखालच्या पोरींना मी हेच शिकवते आणि त्यांना वाटतं हे कुठल्यातरी नियमावलीत लिहिलेलं असेल.

गेटातून आत शिरलं की भिंतीवर जळती बिडी काढलेली होती आणि तिच्यावर लाल फुली. खाली लिहिलेलं की बिडी, सिगारेट, तंबाखू, खर्रा, माचिस आत आणणं मना आहे. शेजारी खणांची लाकडी फळी, तिच्यात स्टाफनंही आपापल्या पुड्या ठेवून आत जायचं. हा आदेश मी येण्याच्या वर्षभर आधीचा. त्याची कथा तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी तिथे होते असंच मला वाटतं. पुरुषांच्या बाजूला म्हणे ओरड झाली, की बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. आख्खी बराक कंपाउंडरच्या दारात. तेव्हाचे साहेब स्वतः गेटबाहेरच्या चिंचेखाली दोन झुरके मारून, वेलची चघळत आत यायचे आणि कडक तलाशीचा हुकूम द्यायचे. तू त्यांची नक्कल करायचीस, वेलचीसकट. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या धामधुमीत बायकांच्या बराकीकडे कुणी पाहिलंच नाही. तिथे बिडी ओढणारी एकही नव्हती. गुडाखू होता. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा, लहानशा डबीतला. आपल्याकडे बाई सकाळी उठली की तो बोटावर घेते आणि दातांवर घासत बसते. माझी आई घासते, तुझी आई घासायची. बैहरच्या डोंगरात, परसवाड्याच्या बाजारात, कुठेही जा, त्याला तंबाखू कुणी समजतच नाही. दात घासायची वस्तू, बस. आदेश काढणाऱ्यांच्याही डोक्यात तो आला नव्हता.

तू हिंदीवाल्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिलीस; मला सांगताना मात्र ते आपल्या बोलीतच सांगायचीस. "साहेब, भिंतीवरची बिडी पाहून आमच्या बाया हासतेत. त्याइचा तंबाखू तोंडात हाये." आणि मग, काही गरज नसताना, पुढचंही सांगून टाकलंस, "अन् माह्याही."

तीस वर्षांची सवय होती तुझी. दर पौर्णिमेला विहारात पाचवं शील म्हणताना जीभ दातांमागे लपवायची, असं तूच मला सांगितलं होतंस. त्या दिवशी घरी जाऊन डबी चुलीत टाकलीस. बायकांना सांगायच्या आधी स्वतः सोडायचा, हे तू ठरवलं होतंस. पहिले पंधरा दिवस तू सकाळी रिकामंच बोट तोंडात घालायचीस, डोकं दुखायचं, आणि घरात भांडी आपटायचीस. तुझी मुलगी अजून सांगते की ते दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले.

मग बराकीतल्या डब्या गेल्या. भांडणं होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालीही. बैहरकडची फुलबती, वयानं सगळ्यांत मोठी, तिनं तुझ्या अंगावर पाण्याचा मग फेकला. पण तुला त्या भांडणांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती नंतरची. "भांडून झाल्या अन् मंग मुक्या झाल्या वं बाया," तू सांगायचीस. सकाळी कुलूप उघडायचं, गिनती व्हायची, आणि जी ती आपापल्या कोपऱ्यात. आधी टाक्याच्या कडेला नळाशी गोल करून बसायच्या, एकीच्या डबीतलं दुसरी घ्यायची, गावाच्या गोष्टी निघायच्या. डबी गेली आणि बसायला कारणच उरलं नाही.

तुझं म्हणणं साधं होतं. घरी बाई दिवसभरात एकदाच बसते, ते गुडाखू घासताना. तेवढा वेळ तिला कुणी काम सांगत नाही, सासूसुद्धा नाही. तेच तिचं हक्काचं बसणं. "आपन डबी घेतली ते बराबर केलं. पन तिचं बसनंही घेतलं, ते काहून?"

हे समजायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत, हे मला मान्य. पण पुस्तकं वाचलेल्या कुणाला ते सुचल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. मला तुझा अभिमान वाटतो, मावशी. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "बस झालं, हजेरी लाव."

साहेबांकडून तू तो अर्धा तास मागून घेतलास. "आधा घंटा? मंजन करने के लिए?" असं ते तीनदा म्हणाले. तू कंपाउंडरला विचारून राखुंडी तयार केलीस, धानाच्या तुसाची राख, मीठ, थोडी लवंग. रोज गिनतीनंतर नळाशी बायकांनी बसायचं, तू एकेकीच्या तळव्यावर राखुंडी ठेवायचीस, आणि अर्धा तास त्यांचा. तुझे दोन नियम होते. केसची गोष्ट करायची नाही, हा बायकांसाठी. दहा पावलं लांब उभं राहायचं आणि कान तिकडे लावायचे नाहीत, हा आपल्यासाठी. साहेबांची अट एकच होती. बराकीत एक जरी डबी सापडली तरी अर्धा तास बंद.

हे सगळं मला कुणी सांगण्याआधीच मी माती खाल्ली.

माझा चौथा दिवस. गेटवर मुलाकातीला आलेल्यांचं सामान पाहायचं काम मला दिलं होतं. फुलबतीची सून बसनं आली होती, दमलेली, कडेवर मूल. तिच्या पिशवीत खोबरेल, साबण, फणी आणि गुडाखूची डबी. झाकणावर पोचा होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. मी भिंतीवरची यादी मनात म्हटली. बिडी नाही, सिगारेट नाही, खर्रा नाही. डबी उघडून वास घेतला, मला आईची आठवण आली, आणि ती मी साबणाच्या शेजारी ठेवून आत सोडली. लबाडी नव्हती, दयाही नव्हती. तो तंबाखू आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडच्या कुणाच्याही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब अचानक तलाशीला आले. टाक्यामागच्या फटीत फडक्यात गुंडाळलेली डबी निघाली. सगळ्या बायका ओळीत उभ्या. फुलबतीनं टाक्याकडून नजर वळवली. मी झाकणावरचा पोचा पाहिला आणि डबी ओळखली.

"किसकी है?"

मी तोंड उघडलं होतं, मावशी. हे तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायचंय. मी उघडलं होतं. पण तू माझ्याआधी पुढे झालीस.

"मेरी है, साहब. झाडू लगवाते समय यहीं छुपा दी थी."

साहेबांचा विश्वास बसेना. "आपने तो छोड दिया था?"

तू खाली पाहिलंस. "नहीं छूटा, साहब."

वर्षभर घट्ट धरून ठेवलेली गोष्ट तू तीन शब्दांत देऊन टाकलीस. चूक प्रहरीची ठरली, बंदिनींची नाही, म्हणून अर्धा तास वाचला. चूक जुन्या प्रहरीची ठरली, नव्या पोरीची नाही, म्हणून माझी नोकरी वाचली. वाचलं नाही ते तुझं नाव.

मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते. तू बाहेरून दार वाजवलंस. मी म्हटलं, मी आत्ता साहेबांना जाऊन सांगते. तू म्हणालीस, "काय सांगशीन? का तुह्या हातून गेली, फुलबतीसाठी गेली? मंग अर्धा तास गेला. अन् तूही गेली. एका डबीत किती लोक बुडवतं वं?" मी म्हटलं, माझ्यासाठी तू का केलंस? तू वैतागलीस. "तुह्यासाठी काहून करू? चार दिवसाची ओळख तुही. अर्ध्या तासासाठी केलं. तू त्याच्यात आली त आली." एवढं बोलून मला जेवायला घेऊन गेलीस.

मग जे व्हायचं ते झालं. नोटीस आली. पंधरा ऑगस्टला तुला जे प्रशस्तिपत्र मिळणार होतं ते मिळालं नाही. पुरुष बाजूचे काही जण पाठीमागे तुला डबीवाली मॅडम म्हणायला लागले. एकदा एकानं खणांच्या फळीवर तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेला खण करून ठेवला, रिकामा. तू त्यात तुझा चष्म्याचा डबा ठेवलास आणि पुढची सगळी वर्षं तिथेच ठेवत राहिलीस. ते मला भारी आवडलं होतं. पण बातमी वस्तीतही पोचली, विहारातही पोचली, आणि तू पहिल्या ओळीतून उठून मागे भिंतीपाशी बसायला लागलीस. तिथे मला हसता आलं नाही.

एकदा मी तुला विचारलं होतं, नाव तर गेलंच होतं, मग तल्लफ आली तेव्हा घासला असतास तर काय बिघडलं असतं? सगळे तसंच समजत होते. तू राखुंडीची बरणी पुसत होतीस. मग म्हणालीस, "तसं केलं असतं त ते खोटं नसतं राह्यलं ना, रंजू. खरं झालं असतं." आणि तू नाही केलंस. ना त्या दिवशी, ना नंतर कधी. हे मी सात वर्षं जवळून पाहिलंय. तुझ्याबरोबर डबा खाल्लाय, बसनं प्रवास केलाय, तुझ्या घरी मुक्काम केलाय. तुझ्या तोंडाला राखुंडी आणि लवंग याशिवाय कशाचा वास आला नाही.

त्या डबीच्या दुसऱ्या दिवशी फुलबतीनं तळवा पुढे केला होता. पहिल्यांदाच. तोवर ती राखुंडी घ्यायची नाही, नुसती बसायची. तू तिच्या हातावर राख ठेवलीस आणि ती म्हणाली, "मेरे कारन तुम्हारा नाम गया, बाई." तू म्हणालीस, "दात घास." मी दहा पावलांवर उभी होते, पण तेवढं मला ऐकू आलं. पुढे दोन वर्षांनी ती सुटली. जाताना तिनं तुझ्या पायाला हात लावला आणि तू तिला रागावलीस, कारण पाया पडणं तुला चालायचं नाही.

माझी परिवीक्षा संपली त्या दिवशी मी पेढे घेऊन आले आणि म्हटलं, आता सांगते. तू पेढा खाल्लास आणि नाही म्हणालीस. साहेब बदलले तेव्हा मी म्हटलं, आता सांगते. तू म्हणालीस, नव्या साहेबाला अर्धा तास म्हणजे काय ते आधी कळू दे. तू निवृत्त झालीस तेव्हा तर मी तुझ्या घरी येऊन भांडले. आता तुझं काय जाणार होतं? "माह्यं काही नाही जात. अर्धा तास रिटायर झाला का?" मी ओरडले, की तुझं नाव काय फुकटचं आहे? तू चहा गाळत होतीस. गाळणी झटकून म्हणालीस, "माह्यं नाव माह्यापाशी हाये. कुठी नाही गेलं."

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. गेल्या आठवड्यात फोनवरही आपण हेच भांडलो. पौर्णिमेला पहिल्या ओळीत बस म्हटलं, तर तू म्हणालीस मागे वारा चांगला येतो. आणि फोन ठेवलास. ते आपलं शेवटचं बोलणं, वाऱ्यावरून.

काल जेलमध्ये तुझ्यासाठी शोकसभा झाली. आत्ताचे साहेब भले आहेत. चांगलं बोलले. तुझी शिस्त, तुझा दरारा, बायकांवरची तुझी माया. शेवटी म्हणाले, "कमजोरी किसमें नहीं होती. उनमें भी एक थी." ते मोठ्या मनानंच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला पुन्हा ती मयतीतली बाई ऐकू आली. मला वाटलं, मी आज बसून राहिले तर हे असंच दगडावर कोरलं जाईल, आणि कोरणारी मीच असेन.

मी उठले. म्हटलं, "साहब, वो डब्बी उनकी नहीं थी. गेट पर मैं थी. मैंने अंदर जाने दी." सगळं सांगितलं. फुलबती, तिची सून, साबण, पोचा. तुझं "नहीं छूटा" हेही सांगितलं, आणि ते खोटं होतं हे दोनदा सांगितलं. डबीवाली मॅडम म्हणणाऱ्यांपैकी एक जण समोरच बसला होता. तो बुटांकडे पाहायला लागला. साहेबांनी पुढ्यातला कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिखकर देंगी?" मी म्हटलं, देईन. तिथेच बसून लिहून दिलं.

लिहून देऊन बाहेर आले आणि मग भीती वाटली. माझी नाही, नळाची. तू सात वर्षं जे सांभाळलंस ते मी पंधरा मिनिटांत उधळलं की काय? अट अजूनही कागदावर तीच आहे. मेल्यावर माणूस वर कुठे नसतं, हे तूच मला शिकवलंयस, तरी रस्ताभर मी तुझ्या शिव्या ऐकत घरी गेले.

आज सकाळी गिनती झाली. बायका नळाशी बसल्या. मी तुझा नियम मोडला आणि दहा पावलं पुढे गेले. म्हटलं, तुम्हाला एक सांगायचंय. काल मी असं असं सांगितलंय. त्यामुळे कदाचित उद्यापासून हे बसणं बंद होईल. चूक माझी होती, माफ करा.

मग परसवाड्याची ललिता, जिला येऊन वीस दिवससुद्धा झाले नसतील, जिनं तुला कधी पाहिलेलं नाही, ती म्हणाली, "मॅडम, डबीची गोष्ट त आमाले माहीत हाये."

मी म्हटलं, काल कुणी सांगितली?

"काल नाही. मी आली ना, त्या दिवशीच. इथीच." ती शेजारच्या बाईकडे पाहायला लागली. ती म्हणाली, "जे नवी येते तिले पयल्या दिवशी सांगतो आमी. हातावर राख ठेवली का सांगाचं. मले माह्याआधीच्या बाईनं सांगितलं. तिले तिच्याआधीच्या बाईनं."

फुलबतीपासून, मावशी. फुलबतीनं सांगायला सुरुवात केली आणि ती सुटून गेली. जिला सांगितलं तीही गेली. बाया आल्या, जामिनावर सुटल्या, दुसऱ्या आल्या. गोष्ट इथेच राहिली. केसची गोष्ट करायची नाही हा तुझा नियम त्यांनी पाळला आणि त्या जागी तुझी गोष्ट करत राहिल्या. मावशीनं गुडाखू सोडला होता आणि आपलं बसणं जाऊ नये म्हणून सोडला नाही म्हणाली, असं सांगतात. जे सत्य एकट्या माझ्यापाशी आहे असं समजून मी सात वर्षं कुढत होते, ते दर नव्या बाईला सांगितलं जात होतं. आणि मी तुझ्या हुकमाप्रमाणे दहा पावलांवर, कान दुसरीकडे लावून उभी.

तुला हे माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. तूही दहा पावलांवरच असायचीस.

दुपारी माझा अर्ज परत आला. साहेबांनी वर लिहिलं होतं की जुनी नोंद दुरुस्त करावी, प्रहरीला ताकीद द्यावी. ती ताकीद मला मिळाली, माझ्या हक्काची, सात वर्षं उशिरा. खाली आणखी एक ओळ होती, बराकीतली सकाळची व्यवस्था पूर्ववत. मी ती ओळ वाचून नळापाशी गेले. तिथे कुणी नव्हतं. टाक्याच्या कडेवर बसले आणि पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी कुलूप लावताना ललितानं मला थांबवलं. म्हणाली, "मॅडम, मलेही लय तल्लफ येते. मी त त्याइले पाहलं नाही. पन इतकं नाव खराब झालं तरी त्याइनं घासला नाही, त मले काहून नाही जमनार?" मी म्हटलं, जमेल. आणि कुलूप लावलं.

येत्या पौर्णिमेला तुझी मुलगी आणि मी विहारात जाणार आहोत. पहिल्या ओळीत तुझी जागा होती ना, डाव्या बाजूची, तिथे मी बसणार आहे. पाचवं शील म्हणून झालं की उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की माझ्या मावशीनं हे पाळलं होतं, आणि कसं पाळलं होतं. तू नाही म्हणशील. म्हण. या वेळी मी तुझं ऐकणार नाही.

आणि बूट बाहेर काढून येईन.

तुझी,
रंजू